वीस आकडी संख्या आणि ६४१ : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५, गुरुवार, साखळी (गोवा)

प्रकल्पाचा विषय आज मिळाला, तोही चुकून. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सी भाषेतला एक साधा प्रोग्राम चालवत होते. एका ओळीचं उत्तर उणे १ यायला हवं होतं, पण ते साठवायला मी बिनचिन्हाच्या पूर्णांकाची जागा दिली होती. पडद्यावर उणे १ च्या जागी हे उमटलं:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुसू नकोस. आधी वहीत उतरवून घे. वीस आकडे आहेत, एकही इकडचा तिकडे होता कामा नये." मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या जागेत ६४ खाने असतात आणि प्रत्येक खान्यात ० किंवा १. उणे १ लिहिणं म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट खान्यांत १ भरणं. पहिल्या खान्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी दुप्पट होत जाते. या सगळ्यांची बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. पुढे नोंदींत मी २^६४ असंच लिहीन.

"या एका संख्येवर पावसाळा काढशील का?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. घरी येताना कदंब बसच्या खिडकीतून पाणी आत येत होतं आणि मी वही पोलक्याच्या आत धरून बसले होते.

१४ जून, शनिवार

आबांना संख्या दाखवली. आबा ऐंशीचे. उभी हयात खाण कंपनीत हिशेबनीस होते. मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जांच्या टनांचा हिशेब त्यांच्याकडे असे. चष्मा लावून त्यांनी उजवीकडून एकेका आकड्यावर बोट ठेवत म्हणायला सुरुवात केली: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. इथे बोट थांबलं. नावं संपली आणि डावीकडे आकडे अजून दोन उरले. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दिलेली स्थानांची यादीही परार्धापाशीच संपते. म्हणजे आपली संख्या १८४ परार्ध आणि वर काही.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आबांनी लगेच ओळखली. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, पुढच्यात चार. चौसष्ट घरांची बेरीज हीच. अल्बेरुनी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी हाच आकडा काढला होता आणि त्यासाठी त्याने चौसष्ट वेळा दुप्पट केली नाही, १६ चा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग आणि त्याचाही वर्ग अशी वाट धरली. वर्गांची ही वाट ध्यानात ठेवायची आहे.

रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर उकड्या तांदळाचे एक हजार दाणे मोजून ठेवले. भरले २५ ग्रॅम. त्या हिशेबाने पट भरायला ४६ हजार कोटी टन तांदूळ लागेल. सगळ्या जगात वर्षाला साधारण ५० कोटी टन तांदूळ होतो, म्हणजे नऊशे वर्षांचं पीक. दाणे मोजताना दामोदर कोसंबींची आठवण झाली. जन्म आपल्या गोव्यातला, कोसबेंचा, १९०७ सालचा. हजारो जुनी नाणी तोलून त्या वजनांतून इतिहास वाचणारा गणिती. तोलण्यामोजण्याला कमी लेखू नये, हे मला त्यांच्यामुळे पटलं आहे.

१९ जून, गुरुवार

पायथॉनमध्ये एक ओळ लिहिली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अवयव आले:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. म्हणजे विभाजक २ चा सातवा घात, १२८. कागदाची प्रत घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी वाचली आणि पेन्सिलीने ६४१ भोवती गोल काढला. "बाकीचे मी ओळखते. हा इथे काय करतोय?"

मी पुन्हा यादी पाहिली. ३, ५, १७, २५७, ६५५३७: या पाचांतून १ वजा केला की २, ४, १६, २५६, ६५५३६ उरतात, सगळे २ चे घात. ६४१ मधून १ काढला तर ६४०. त्यात ५ आहे. तो या पंगतीतला नव्हे.

"यंत्राने सांगितलं म्हणून आलाय, हे उत्तर मला नको," मॅडम म्हणाल्या. प्रकल्पाचा प्रश्न आज ठरला: ६४१ का?

२४ जून, मंगळवार

सांजाव, सेंट जॉनचा सण. वाटेवरच्या विहिरींपाशी पोरांची गर्दी, डोक्यावर पानाफुलांच्या कोपेली. वर्ग लवकर सुटले.

शाळेतलं सूत्र आहे, अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). त्यावर सगळी संख्या उलगडते. २^६४ − १ म्हणजे (२^३२ − १)(२^३२ + १). पहिला कंस पुन्हा फुटतो, (२^१६ − १)(२^१६ + १). तसंच खाली उतरत जायचं. शेवटी उरतं: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

सहा पायऱ्या. प्रत्येक पायरी २ च्या घातात १ मिळवून झालेली, आणि घातांक १, २, ४, ८, १६, ३२. अल्बेरुनीची वर्गांची वाट उलटी चाललो की हाच जिना लागतो. परके दोघे, ६४१ आणि ६७००४१७, वरच्या शेवटच्या पायरीत एकत्र दडलेले आहेत: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. आता वीस आकड्यांच्या जागी दहाच आकड्यांकडे बघायचं आहे.

२९ जून, रविवार

जिना कागदावर उतरता येतो म्हणून भागत सुटायचं ठरवलं. यंत्र नाही, हातानेच. ३ ने भागून ६१४८९१४६९१२३६५१७२०५. त्याला ५ ने, १२२९७८२९३८२४७३०३४४१. त्याला १७ ने. इथवर दोन तास. पाऊस असा की कौलांवरचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं.

३ जुलै, गुरुवार

२५७ ने भाग जात नाही. बाकी ३९ उरते. दोनदा केलं, दोन्ही वेळा ३९.

भाग जायलाच हवा. सूत्र सांगतं, यंत्र सांगतं. तीन दिवस भागाकारातल्या वजाबाक्या तपासतेय. संध्याकाळपासून वीज नाही. मेणबत्तीच्या उजेडात तिसऱ्यांदा केलं. ३९.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी आबा विठ्ठलापूरच्या देवळात जाऊन आले आणि उपासाचं खायच्या आधी माझी वही मागून घेतली. म्हणाले, "भागाकार तपासून झाला. भाज्य कोणी तपासला?"

माझ्या वहीत १७ च्या भागाकाराचं उत्तर होतं ७२३४०१७८२३८०७६६७३. आबांनी आधी नवाचा ताळा पाहिला. आकड्यांची बेरीज ७४, म्हणजे ११, म्हणजे २. सतराचे ८. आठ दुणे १६, म्हणजे ७. वरच्या १२२९७८२९३८२४७३०३४४१ ची बेरीज ७९, म्हणजे १६, म्हणजे ७. ताळा जुळला. मला वाटलं, झालं, चूक इथेही नाही.

आबांनी मान हलवली. "जुळला म्हणून बरोबर असं नाही. दोन आकडे अदलाबदल झाले तर बेरीज तीच राहते. नवाला ते दिसत नाही. आता अकराचा घे." उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत. माझ्या भागाकाराची बाकी १ आली. सतराची ६. गुणाकार ६. वरच्या संख्येची बाकी मात्र १. सहा आणि एक. चूक सापडली.

मग सतराचा पाढा लावून एकेक आकडा पाहत गेलो. ...१७२८३८... च्या जागी मी ...१७८२३८... लिहिलं होतं. भागाकारात बरोबर आलेला २८ स्वच्छ प्रतीत उतरवताना ८२ झाला होता. खरी संख्या ७२३४०१७२८३८०७६६७३. बार्जच्या चोपड्यांत फरक ९ ने भागला गेला की आबा आधी अदलाबदल शोधत. इथेही फरक ५४ वर आठ शून्यं, नवाच्या पटीतला.

दुरुस्त संख्येला २५७ ने भागलं: २८१४७९२७१७४३४८९, बाकी शून्य. त्याला ६५५३७ ने भागलं: ४२९४९६७२९७, बाकी शून्य. ती दोन शून्यं लिहिताना जो आनंद झाला तो १९ तारखेला छापील प्रत हातात घेताना झाला नव्हता.

११ जुलै, शुक्रवार, पणजी

पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दिवस घालवला. काच पावसाने पांढरी झालेली.

१६४० साली फर्मा या फ्रेंच गणितीने असं मानलं की २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या मूळ संख्या आहेत, कितीही वर चढा. पहिल्या पाच खरंच मूळ आहेत. सहावी आमची, ४२९४९६७२९७. तिच्यापाशी नव्वद वर्षं सगळे थांबले होते. १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलरने सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवलं की ती ६४१ ने भागली जाते. आजवर त्या पाचांपलीकडे एकही पायरी मूळ निघालेली नाही.

६४१ ही ११६ वी मूळ संख्या. ३ पासून एकेक मूळ घेऊन भागत गेलं तर ६४१ व्या दाराशी पोचायला ११५ भागाकार. ऑयलर तसा गेला नाही. तो कसा गेला हेच मला हवं होतं, पण पुस्तकात दोन ओळींत आटपलेलं आहे आणि त्या दोन ओळी मला उमगल्या नाहीत. उतरवून आणल्या आहेत.

१७ जुलै, गुरुवार

आज उमगलं. सविस्तर लिहिते, कारण प्रकल्पाचा गाभा हाच.

मॅडमनी ६४१ बाजूला ठेवला आणि १७ घ्यायला सांगितलं. १ पासून सुरू करून दुप्पट करत जायचं आणि १७ च्या वर गेलं की १७ वजा करायचे. फळ्यावर मी लिहिलं: १, २, ४, ८, १६, आता ३२ वजा १७ म्हणजे १५, मग १३, मग ९, आणि ९ दुणे १८ वजा १७, परत १. आठ जणांचा फेर पूर्ण झाला.

"कोण राहिलं?" ३ राहिला. त्याच्यापासून सुरू केलं: ३, ६, १२, ७, १४, ११, ५, १०, आणि २० वजा १७, परत ३. हा फेरही आठांचाच. १ ते १६ सगळे दोन फेरांत बसले, कोणी उरला नाही. धालोच्या मांडावर बायका दोन फळ्यांत उभ्या राहतात तशा.

फेर आठांचाच का? १७ म्हणजे २^४ + १, म्हणून चार वेळा दुप्पट केल्यावर बाकी उणे १ येते (१६ म्हणजे १७ च्या हिशेबात उणे १), आणि आणखी चार वेळा केल्यावर उण्याचा अधिक होऊन १. दुसरा फेरही तेवढाच, कारण ३ पासून निघालेला फेर म्हणजे पहिल्याच फेरातल्या प्रत्येकाला ३ ने गुणून झालेला फेर. २ सोडून कोणत्याही मूळ संख्येत एकाच लांबीचे फेर पडतात आणि सगळे शेष त्यांत वाटले जातात.

आता ४२९४९६७२९७. समजा एखादी मूळ संख्या तिला भागते. त्या मूळ संख्येच्या हिशेबात २^३२ ची बाकी उणे १, म्हणजे २^६४ ची बाकी १. फेर ६४ जणांचा. त्याहून लहान फेर असता तर तो ६४ चा विभाजक असल्याने ३२ लाही पुरा भागला असता, आणि मग २^३२ ची बाकी १ आली असती, उणे १ नव्हे. तेव्हा १ पासून त्या संख्येच्या एक अलीकडेपर्यंतचे सगळे शेष चौसष्ट-चौसष्टच्या फेरांत वाटले गेले पाहिजेत. म्हणजे ती मूळ संख्या वजा १ ही ६४ च्या पटीत.

६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. एकशे पंधरा दारांच्या जागी पाच दारं, आणि ६४१ पाचवं. त्याच्या पोटात चौसष्टचे दहा फेर.

फळ्यावरचे ते दोन गोल मी पुसू दिले नाहीत. मॅडमनी शिपाईकाकांना सांगून ठेवलं.

१८ जुलै, शुक्रवार

ल्युका या फ्रेंच गणितीने १८७८ मध्ये आणखी एक गाळणी दाखवली. तिसऱ्या पायरीपासून पुढे, या विभाजकांच्या हिशेबात २ ला वर्गमूळ मिळतं. ते मूळ दुपटीच्या जागी वापरलं तर फेर १२८ चा होतो. म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच दारं, आणि त्यांत मूळ दोनच: २५७ आणि ६४१. पैकी २५७ ला भागून पाहायचीही गरज नाही. २^८ ची बाकी तिथे उणे १, म्हणून २^३२ ची बाकी १. म्हणजे आमच्या पायरीत तो बसत नाही. थेट ६४१ समोर येतो.

२५ जुलै, शुक्रवार

६४१ भाग जातो हे भागाकार न करता दाखवायच्या दोन वाटा वहीत स्वच्छ उतरवल्या.

पहिली वर्गांची. २^८ = २५६. २^१६ म्हणजे २५६ चा वर्ग, ६५५३६. त्यातून ६४१ चे १०२ पट, ६५३८२, काढले की १५४ उरतात. २^३२ म्हणजे १५४ चा वर्ग, २३७१६. आणि ६४१ × ३७ = २३७१७. एकाने कमी. म्हणजे बाकी उणे १. आणखी १ मिळवला की पुरा भाग. बसमध्ये उभं राहून करता येईल एवढं.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिच्यात ६४१ चा चेहरा दिसतो. ६४१ = ५ × १२८ + १. आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी उणे १. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी उणे २^४ लिहिता येतं. लिहिलं, की उणे २^३२ ची बाकी १. झालं. १९ जूनला ज्या ५ मुळे ६४१ परका वाटला होता, तोच ५ दोन्हीकडे उभा राहून सगळं जुळवतो.

आईला दाखवलं. ती गणिताची नव्हे, पण "६२५ आणि १६" म्हटल्यावर तिने स्वतः बोटांवर बेरीज केली आणि हसली.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

घरात हळदीच्या पानांचा वास. पातोळ्या वाफेवर.

६७००४१७ मूळ आहे का, हे अजून यंत्राच्याच भरवशावर होतं. पण जो कोणी तिला भागेल तो ४२९४९६७२९७ लाही भागेल, म्हणजे त्यालाही १२८ चीच गाळणी. तिचं वर्गमूळ २५८८ आणि थोडं. तिथवर १२८ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या संख्या वीस. १२९ म्हणजे ३ × ४३, १७९३ म्हणजे ११ × १६३, १९२१ म्हणजे १७ × ११३, असे पंधरा जण गळतात. मूळ उरतात पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. आबांनी तीन भागाकार केले, मी दोन. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. सत्तर लाखांच्या घरातली संख्या मूळ ठरवायला पाच भागाकार पुरले.

६५५३७ ची गाळणी ६४ ची, तिथे तर एकच लागतो, १९३ चा. बाकी ११०. आणि २५७ ला एकही नाही.

सातही अवयव आता आमच्या हातचे.

५ ऑगस्ट, मंगळवार

हे कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, म्हणून तारीख घालून ठेवते. १ भागिले ६४१ चा दशांश अपूर्णांक सहज काढत बसले होते:

०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९ आणि पुन्हा पहिल्यापासून.

३२ आकड्यांचं आवर्तन. ते मधोमध मोडलं आणि दोन्ही अर्धे एकाखाली एक लिहिले. ००१५६००६२४०२४९६० आणि ९९८४३९९३७५९७५०३९. बेरीज केली तर सोळाच्या सोळा नऊ. म्हणजे १० च्या सोळाव्या घाताची बाकी उणे १.

पडताळून पाहिलं. १०००० ची बाकी ३८५. ३८५ चा वर्ग १४८२२५, त्याची बाकी १५४. तोच १५४! २ ला सोळाव्या घातापाशी भेटलेला शेष १० ला आठव्या घातापाशी भेटतो. वहीची दोन पानं शेजारी ठेवून बघत राहिले. मग कारण दिसलं: ५^४ म्हणजे उणे २^४, म्हणून ५^८ म्हणजे २^८. दोन्हीकडे २^८ ने गुणा, १०^८ म्हणजे २^१६. पुन्हा तेच ६२५ आणि १६.

मॅडमना संदेश पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "अहवालात वेगळं पान दे."

१२ ऑगस्ट, मंगळवार

अहवालाचं टंकलेखन. उपयोगाचा भाग थोडक्यात लिहिला: बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम पटाची ६४ घरं ६४ खान्यांत ठेवतात, आणि सगळी घरं भरलेला पट म्हणजे आपलीच संख्या. ६५५३७ हा आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्ल्यांत (कीज) नेहमी वापरला जाणारा घातांक, म्हणजे फोनवरून पैसे पाठवताना तो बहुधा आपल्या हाताखालून जातो. जिन्याच्या पहिल्या पाच पायऱ्यांचा, म्हणजे पाच फर्मा मुळांचा, गुणाकार ४२९४९६७२९५. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येतो, आणि विषम बाजूंचा याहून मोठा आजवर माहीत नाही. ती वाट गाउसने १७९६ साली १७ बाजूंपासून दाखवली. हा भाग मी फार वाढवला नाही. परीक्षकांना आवडतो हे ठाऊक आहे, पण माझं मन ६४१ पाशीच आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सादरीकरण झालं. दहा मिनिटं दिली होती. फळ्यावर १७ चे दोन फेर काढले आणि त्यावरच सहा मिनिटं गेली. एका परीक्षकांनी विचारलं, संगणक क्षणात देतो ते हाताने करण्यात वेळ का घालवला? मी ६४० च्या दहा फेरांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, सर, हे दहा गोल त्याने मला दाखवले नव्हते. ते काही बोलले नाहीत, पण उठून फळ्याजवळ आले आणि ३ पासूनचा फेर स्वतः मोजून पाहिला.

दुसऱ्या परीक्षकांचा प्रश्न: आपल्या संख्येत २ मिळवले तर? म्हणजे २^६४ + १, जिन्याची पुढची पायरी. १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे अवयव मला पाठ होते, २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. १८८० मध्ये फोर्त्युने लांद्री यांनी काढले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. इथे गाळणी २५६ ची, आणि २७४१७७ म्हणजे १०७१ × २५६ + १. ऑयलरला दहाव्या पटीशी सापडलं, हे हजाराच्या पलीकडे.

घरी हे सांगितलं तेव्हा आबांनी फक्त एवढंच विचारलं, "ब्याऐंशी?"

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चवथीचा गणपती काल दीड दिवसाने वाळवंटीत पोचवला. माटोळीची फळं अजून उतरवायची आहेत, तोरिंगं आणि सुपाऱ्या डोक्यावर लोंबतायत. खतखत्याचं शेवटचं पातेलं सकाळी संपलं.

दुपारी आबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर फूटपट्टीने रेघ मारून भागाकार मांडला. भाज्य १८४४६७४४०७३७०९५५१६१७, भाजक २७४१७७. भाजकाचा नऊपर्यंतचा पाढा बाजूला आधीच लिहून ठेवलेला, जसा ते चोपडीत ठेवत. मला म्हणाले, "तू आकडे वाच. उतरवताना मी चुकता कामा नये."

मी वाचत गेले. १८४४६७४ मध्ये सहा वेळा, उरले १९९६१२. चार उतरवला, सात वेळा, उरले ७६८८५. शून्य उतरवलं, दोनदा. सात उतरवला, आठदा, उरले ११५५१. तीन उतरवला, ११५५१३ मध्ये भाग जात नाही, वर शून्य. प्रत्येक वजाबाकीनंतर आबा अकराचा ताळा घेत होते. मध्ये चहा आला, निवला. पाऊस थांबून अंगणात ऊन पडलं होतं.

भागाकार वर वाढत होता: ६७२८०४२१३१०७२. तेरा आकडे झाले. खाली उरले २७४१७. भाज्यात एकच आकडा राहिला होता.

"सात," मी वाचला.

आबांनी तो २७४१७ च्या शेजारी उतरवला, आणि पेन्सिल उचलून बाजूच्या पाढ्याच्या पहिल्या ओळीवर ठेवली. दोन्हीकडे तीच संख्या होती.

२७४१७७.